पाय मुरगळला, आता गरबा कधी? घाई न करता मैदानात परत यायचा क्रम

बडोद्यात भाद्रपद संपत आला की हे दर वर्षी होतं. विसर्जनाच्या मिरवणुकीत लेझीम खेळताना, किंवा पावसानं उखडलेल्या रस्त्यावर गाडीवरून उतरताना पाय आत वळतो, घोटा बाहेरून सुजतो, आणि पहिला प्रश्न असतो तो "नवरात्रापर्यंत बरा होईल ना?" अनंत चतुर्दशी ते घटस्थापना यात साधारण सोळा दिवस असतात, दसऱ्यापर्यंत पंचवीस-सव्वीस, कोजागिरीपर्यंत जवळजवळ महिना आणि लक्ष्मीपूजनापर्यंत दीड महिना. हे आकडे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

मी व्यायामशाळेत शिकवते. मुरगळलेला पाय घेऊन येणाऱ्यांत मला एकच चूक परत परत दिसते. सूज उतरली, चालता यायला लागलं, की लोकं समजतात झालं. मधल्या तीन-चार पायऱ्या गाळून सरळ उड्या मारायला लागतात आणि पाय परत तिथेच मुरगळतो, कधी त्याच महिन्यात तर कधी पुढच्या वर्षी. एकदा मुरगळलेला घोटा परत मुरगळायची शक्यता मुळात जास्त असते, आणि पायऱ्या गाळल्या की ती आणखी वाढते. म्हणून हा लेख क्रमानं वाचा आणि क्रमानंच करा.

आधी हे समजून घ्या: बरं होणं म्हणजे काय

पाय आत वळतो तेव्हा बहुतेक वेळा बाहेरच्या घोट्याच्या हाडापासून पुढे जाणारं लिगामेंट (हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा) ताणलं जातं किंवा फाटतं, जोर जास्त असेल तर त्याच्या खालचंही. पहिले काही दिवस सूज आणि लाली, मग साधारण सहा आठवडे शरीर तिथे नवीन धागे विणत असतं, आणि ते धागे नीट एका दिशेनं लागून मजबूत व्हायला पुढे काही महिने, कधी वर्षभरही जातं. दुखणं मात्र यातल्या पहिल्या टप्प्यातच बरंचसं जातं, आणि सगळा घोळ इथेच होतो. घराचा स्लॅब टाकल्यावर वरून दोन दिवसांत कडक दिसतो पण खालचे टेकू कोणी काढत नाही, तसंच हे.

दुसरी गोष्ट. लिगामेंट नुसतं बांधून ठेवत नाही, पाय कुठल्या कोनात आहे हे मेंदूला कळवायचं कामही त्याचं आहे. ते दुखावलं की ही खबर उशिरा पोचते, पाय वळायला लागला तरी स्नायू वेळेवर आवळत नाहीत. ही गोष्ट आराम करून परत येत नाही, ती शिकवावी लागते. खाली तोलाच्या पायरीवर मी एवढी थांबणार आहे ती म्हणूनच.

साधारण मुदत अशी धरा. थोडं ताणलं असेल, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बऱ्यापैकी चालता येत असेल तर खेळायला दोन-तीन आठवडे. अर्धवट फाटलं असेल, काळंनिळं पडलं असेल, आठवडाभर लंगडत असाल तर चार ते सहा आठवडे, कधी जास्त. पूर्ण फाटलं असेल तर दोन-तीन महिने किंवा त्याहून जास्त. म्हणजे विसर्जनाला मधल्या प्रकारचा मुरगळा झाला असेल तर यंदाचं नवरात्र खुर्चीवर बसून बघायचं आहे. हे आत्ताच मान्य केलंत तर पुढचं सगळं सोपं जाईल.

तयारी: काय जवळ ठेवायचं

चार इंची क्रेप बँडेज, शिंप्याची कापडी टेप, एक वही, आणि पुढच्या आठवड्यांसाठी फिजिओकडे किंवा खेळाच्या दुकानात मिळणारा रबरी पट्टा. घरात घालायला मागून पट्टा असलेली सँडल, कारण साध्या स्लीपरमध्ये पाय धरून ठेवायला बोटं आवळावी लागतात आणि चाल बिघडते.

वही कशाला? दुसऱ्या, चांगल्या पायाचे आकडे लिहायला. पुढे प्रत्येक चाचणीत तुलना चांगल्या पायाशी करायची आहे, शेजारच्या काकांशी नाही.

पायरी १: पहिला तास, आणि एक्स-रे लागेल का

जागेवरच थांबा. "चालून चालून मोकळा होईल" म्हणून उरलेली मिरवणूक पुरी करायची नाही. मग या गोष्टी तपासा, कॅनडातल्या ओटावामध्ये ठरलेले नियम आहेत, जगभर डॉक्टर वापरतात:

- घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालच्या टोकापासून वर ६ सेंटीमीटरपर्यंत बोटानं दाबा. हाडावरच दाबल्यावर जोरात दुखतंय का?
- पावलाच्या बाहेरच्या कडेवर साधारण मध्यावर हाडाचा उंचवटा हाताला लागतो, तिथे दुखतंय का?
- आतल्या बाजूला, कमानीच्या वर जे हाड पुढे आलेलं असतं तिथे दुखतंय का?
- लागलं तेव्हा आणि आत्ता, लंगडत का होईना, चार पावलं टाकता येतात का?

पहिल्या तीनपैकी एकाचं जरी उत्तर "हो" असेल, किंवा चार पावलं टाकता येत नसतील, तर एक्स-रे. उद्या बघू म्हणायचं नाही.

इशारा: मधुमेहानं पाय बधिर झालेल्यांनी या तपासणीवर विसंबू नका, सरळ दाखवा. मुलांच्या हाडाच्या टोकाशी वाढीची जागा असते, त्यांनाही दाखवूनच घ्या. पायाचा आकार वाकडा दिसतोय, बोटं थंड किंवा निळी पडलीत, मागे टाचेच्या वर कोणीतरी लाथ मारल्यासारखं वाटलं आणि आता चवड्यावर उभंच राहता येत नाही, यातलं काहीही असेल तर लगेच हॉस्पिटल.

आणखी एक. दुखणं घोट्यात नसून वर, नडगीच्या खालच्या भागात असेल आणि पोटरी दोन्ही बाजूंनी दाबल्यावर खाली घोट्याजवळ कळ येत असेल तर तो वरचा मुरगळा असू शकतो. त्याला वेळ बराच जास्त लागतो, आणि खाली लिहिलेला क्रम त्याच्यासाठी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नका.

पायरी २: पहिले तीन दिवस

पाय उंचावर. म्हणजे आडवं पडून पाय छातीपेक्षा वर, खाली दोन उशा. खुर्चीत बसून स्टुलावर ठेवला तर ते उंच होत नाही.

क्रेप बँडेज बोटांच्या मुळाशी सुरू करून घोट्याभोवती आठच्या आकड्यात वर न्यायचं, खाली थोडं घट्ट, वर जाताना सैल. लोकं नेमकं उलट बांधतात, घोट्याच्या वर करकचून, मग बोटं सुजतात. बांधल्यावर अंगठ्याचं नख दाबून सोडा, दोन सेकंदांत परत गुलाबी झालं पाहिजे. मुंग्या आल्या तर सोडून परत बांधा. झोपताना काढा.

बर्फ दुखणं कमी करायला आहे, त्यानं लिगामेंट लवकर भरत नाही. कपड्यात गुंडाळून दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरे. थेट त्वचेवर नाही.

गोळ्या डॉक्टरांना विचारून. ऍसिडिटी, किडनी, बीपीचा त्रास असेल तर मेडिकलवाल्याच्या सल्ल्यानं पेनकिलर घेऊ नका. आणि गोळी घेऊन "आता दुखत नाही" म्हणून चालायला जाणं तर अजिबात नको, गोळीनं फक्त सूचना बंद होते.

आता जे करायचं नाही ते, आणि यावर घरोघरी वाद होतात म्हणून स्पष्टच लिहिते. पहिल्या तीन-चार दिवसांत गरम पाण्याचा शेक नको, तेल लावून चोळणं नको, कारण आत रक्त साकळत असतं आणि दोन्हींनी ते वाढतं. पाय ओढून "बसवून" देणाऱ्याकडे तर जाऊच नका. मुरगळ्यात बसवायला काही निखळलेलं नसतं, अर्धवट फाटलेलं लिगामेंट ओढून पूर्ण फाटू शकतं आणि आत हाड मोडलं असेल तर आणखी वाईट. आजी आंबेहळदीचा लेप लावते म्हणाली तर लावू द्या, कडकडीत गरम नको आणि कातडं सोललेलं नको एवढंच बघा, थोडं बरं वाटेल. पण लेप वाळला म्हणजे पाय तयार झाला असं नाही.

या तीन दिवसांतही पूर्ण निपचित पडायचं नाही. दर तासाला पाय हलकेच वर-खाली करा, बोटं हलवा. भिंतीला किंवा काठीला धरून सोसेल तेवढा भार टाका.

इशारा: पोटरी एका जागी दुखायला, सुजायला, गरम लागायला लागली, किंवा दम लागला, छातीत दुखलं, तर तो मुरगळ्याचा भाग समजू नका, ताबडतोब डॉक्टर. पाय हलवायचा बंद ठेवला की शिरेत गुठळी होऊ शकते.

पायरी ३: चाल नीट करणं (साधारण तिसऱ्या दिवसापासून)

लंगडत जास्त चालण्यापेक्षा नीट थोडं चाललेलं चांगलं. टाच आधी, मग तळवा, मग अंगठ्यानं ढकलणं. हे जमत नसेल तर काठी घ्या, आणि काठी चांगल्या पायाच्या बाजूच्या हातात धरा, बहुतेक जण दुखऱ्या बाजूला धरतात. लाज वाटते म्हणून काठी सोडायची नाही, दहा दिवस लंगडलं की कंबर आणि दुसरा गुडघा बोलायला लागतात.

सुरुवात घरातल्या घरात पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. मग अंगणात किंवा पोळीतल्या (जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या) सपाट भागात. कमाटी बागेत जायची सगळ्यांना घाई असते, पण तिथे एक फेरी म्हणून निघालात की अर्ध्यातून परत यायला तेवढंच चालावं लागतं, त्यामुळे पहिले दिवस घराजवळच चकरा.

गाडीचं. उजवा पाय असेल तर जोरात ब्रेक न कचरता दाबता येईपर्यंत चारचाकी चालवू नका. दुचाकीवर सिग्नलला जो पाय खाली टेकता तोच दुखरा असेल तर तेही थांबवा, खड्ड्यात पाय टेकला की परत मुरगळतो.

पितृपक्षातली एक गोष्ट कोणी सांगत नाही. या पंधरवड्यात श्राद्धाची जेवणं असतात आणि पंगत खाली बसते. मांडी घातली की घोट्याची बाहेरची बाजू ताणून जमिनीवर दाबली जाते, म्हणजे जे लिगामेंट भरतंय तेच अर्धा-पाऊण तास ओढून धरलेलं असतं. सरळ टेबल-खुर्ची मागा, किंवा पाय लांब करून बसा. काकूंना वाईट वाटेल असं वाटत असेल तर आधीच फोन करून सांगा, "काकू, पाय मुरगळलाय, मला खुर्ची ठेवाल का?" कोणाला वाईट वाटत नाही. वज्रासनही एवढ्यात नको.

तपासणी: सपाट जमिनीवर वीस मिनिटं, न लंगडता, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूज वाढलेली नाही. हे होईपर्यंत पुढची पायरी नाही.

सकाळची तपासणी: सगळ्या पायऱ्यांना लागू

आपण व्यायाम करताना दुखतंय का ते बघतो, पण खरं उत्तर दुसऱ्या दिवशी सकाळी मिळतं. उठल्यावर दोन गोष्टी लिहा. पलंगावरून उतरून पहिली दहा पावलं कशी पडली, दुखणं शून्य ते दहामध्ये किती. आणि टेप घोट्याभोवती आठच्या आकड्यात, रोज त्याच ठिकाणांवरून, गुंडाळून किती सेंटीमीटर.

व्यायाम करताना तीनपर्यंत दुखलं आणि सकाळी कालच्याएवढंच किंवा कमी असेल तर आज तेवढंच करा, दोन-तीन वेळा असंच गेलं की थोडं वाढवा. सकाळी कालपेक्षा जास्त दुखत असेल किंवा टेपवर वाढ दिसली तर काल जास्त झालं, एक दिवस थांबून आधीच्या मापावर परत. पाच किंवा वर गेलं तर तो व्यायाम तिथेच बंद. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ किंवा वजन किंवा वेग. तिन्ही एकदम वाढवले आणि बिघडलं तर कशानं बिघडलं ते कळतच नाही.

पायरी ४: घोटा मोकळा करणं

भिंतीसमोर अनवाणी उभं राहा, पाऊल भिंतीकडे सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, आणि गुडघा वाकवून भिंतीला लावा. लागला तर पाऊल थोडं मागे. टाच न उचलता गुडघा जेमतेम लागतो तिथे अंगठा भिंतीपासून किती दूर आहे ते मोजा. दोन्ही पायांचे आकडे वहीत.

हीच चाचणी आणि हाच व्यायाम. दिवसातून दोनदा, दहा-बारा वेळा, प्रत्येक वेळी दोन सेकंद थांबून. पुढच्या बाजूला घोट्यात चिमटा बसल्यासारखं वाटत असेल तर जोर करू नका, थोडं अलीकडे थांबा. पाय आतल्या बाजूला वळवून ताणायचा मात्र नाही, तो ताण लिगामेंटवर जातो. मोकळं वाटावं म्हणून काही जण घोटा गोल गोल फिरवत बसतात, पहिले तीन-चार आठवडे तेही टाळा.

तपासणी: दोन्ही पायांत दोन सेंटीमीटरपेक्षा कमी फरक.

पायरी ५: ताकद

आधी रबरी पट्टा. पाय लांब करून बसा, पट्टा पावलाच्या पुढच्या भागाभोवती, आणि पाऊल बाहेरच्या बाजूला ढकला, हळू परत आणा. गुडघा फिरवून ढकलणं ही नेहमीची चूक, गुडघा जागेवर आणि फक्त पाऊल फिरलं पाहिजे. पंधरा-पंधराचे तीन सेट. पाय आत वळायला लागल्यावर जे स्नायू त्याला धरतात ते हेच.

मग टाचा उचलणं. दोन्ही पायांवर, भिंतीला बोटं टेकवून, वर दोन सेकंद, खाली तीन सेकंद. हे पंधराचे तीन सेट सोपे झाले की दोन पायांवर वर जा आणि एकट्या दुखऱ्या पायावर हळू खाली या. त्यानंतर फक्त एका पायावर. दिवसाआड करा, रोज नाही.

इथे व्यायामशाळेतली पोरं गडबड करतात. झपाट्यानं वर-खाली करून पंचवीस मोजतात, टाच अर्धीच उचललेली, आणि भार करंगळीकडे गेलेला. भार अंगठ्याच्या मुळाशी राहिला पाहिजे. आरशात मागून कोणाला तरी बघायला सांगा, टाच बाहेर ढळत असेल तर तो आकडा मोजायचा नाही.

बाकी शरीराचं काय, तर ते बंद ठेवायची काहीच गरज नाही. बसून दंड-खांद्याचं काम करा, पाठीवर झोपून पोटाचं, चांगल्या पायाचं सगळं. जोर मारताना चवडे वाकतात म्हणून सुरुवातीला गुडघे टेकून मारा. मल्लखांबवाल्यांना चढायची घाई असते पण चढणं हा प्रश्न नाही, उतरताना उडी पडते, म्हणून पायरी ७ होईपर्यंत लांबच. ज्यांना थांबवत नाही त्यांना मी नेहमी हेच सांगते, की आज काय करता येत नाही ते मोजत बसू नका, आज जे करता येतं ते पुरेपूर करा, घाम काढायची हौस भागते आणि घोट्याला त्याचे दिवस मिळतात.

तपासणी: एका पायावर टाच उचलणं, नीट पद्धतीनं, चांगल्या पायाएवढं. वीस ते पंचवीस ही बऱ्यापैकी मजल आहे, पण चांगला पायच पंधरा करत असेल तर आधी दोन्ही सुधारा.

पायरी ६: तोल, जी सगळे गाळतात

घाम येत नाही, दिसायला काही होत नाही, म्हणून लोकांना ही पायरी व्यायाम वाटतच नाही. पण परत मुरगळणं टाळायचं असेल तर सगळ्यात जास्त उपयोग हिचाच. २००९ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी घोटा मुरगळलेल्या ५२२ खेळाडूंचा अभ्यास छापला. नेहमीचे उपचार झाल्यावर अर्ध्यांना आठ आठवड्यांचा घरी करायचा तोलाचा व्यायाम दिला, अर्ध्यांना नाही. वर्षभरात व्यायाम न दिलेल्यांपैकी ३३ टक्क्यांचा घोटा परत मुरगळला, दिलेल्यांपैकी २२ टक्क्यांचा. नीट बघा, व्यायाम करूनही काहींचा मुरगळला, ही काही हमी नाही. पण घरच्या घरी, फुकटात एवढा फरक पडत असेल तर सोडायचं कशाला?

क्रम असा:

- अनवाणी, कडक जमिनीवर, एका पायावर तीस सेकंद. गुडघा किंचित सैल, हात छातीशी. कोपऱ्यात उभं राहा म्हणजे गेला तोल तर भिंत आहे.
- तेच, पण डोकं हळू डावीकडे-उजवीकडे वळवत.
- तेच, पण भिंतीवर चेंडू टाकून झेलत. घरात कोणी असेल तर त्यांना टाकायला सांगा, मजा येते आणि लक्ष पायावरून निघतं, तेच हवं आहे.
- डोळे मिटून. आधी पाच सेकंद जमणार नाहीत. दहा-पंधरापर्यंत या.
- उशीवर किंवा घडी घातलेल्या सतरंजीवर, डोळे उघडे ठेवून.
- एका पायावर उभं राहून दुसऱ्या पायानं पुढे, तिरकं मागे-डावीकडे, तिरकं मागे-उजवीकडे जमिनीला हलका स्पर्श. किती लांब पोचता ते खडूनं खूण करून मोजा. पुढच्या दिशेला दोन पायांत चार सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर अजून काम बाकी आहे.

रोज दहा मिनिटं, दोन्ही पायांवर. दात घासताना एका पायावर उभं राहायची सवय लावलीत तर अर्धं काम तिथेच होतं. एक टप्पा तीन दिवस सलग स्थिर जमला की पुढचा.

इशारा: एकट्यानं गच्चीच्या कठड्याजवळ किंवा ओल्या बाथरूममध्ये करू नका. साठीच्या पुढच्यांनी डोळे मिटून करायचा टप्पा दोन्ही बाजूंना आधार असेल तरच.

पायरी ७: पळणं आणि उड्या

आधी चार गोष्टी झाल्या पाहिजेत: तीस मिनिटं भरभर चालणं न लंगडता, पायरी ४ ची तपासणी, पायरी ५ ची तपासणी, आणि जागच्या जागी एका पायावर दहा हलक्या उड्या न दुखता. चारपैकी तीन झाल्या म्हणजे झालं नाही.

मग सपाट, कोरड्या, उजेड असलेल्या जागी. एक मिनिट हळू पळणं, दोन मिनिटं चालणं, असं आठ वेळा. दिवसाआड. सकाळची तपासणी नीट आली तर दोन मिनिटं पळणं, एक चालणं. सरळ रेषेतच. अकोटा-दांडिया बाजार पुलावर संध्याकाळी बरेच जण चालायला-पळायला असतात, पण पुलाला चढ-उतार आहे आणि उतारावर घोट्यावर ताण वाढतो, म्हणून तो दुसऱ्या आठवड्यात.

उड्यांचा क्रम: दोन पायांवर जागच्या जागी, मग दोन पायांवर पुढे-मागे, मग डावी-उजवी, मग एका पायावर याच क्रमानं. उतरताना आवाज येता कामा नये, गुडघा वाकलेला आणि पावलाच्या वर. वळणं सगळ्यात शेवटी, कारण घोटा वळताना जातो, सरळ पळताना सहसा नाही. आधी मोठ्या गोलात, मग आठच्या आकड्यात, मग छोट्या गोलात, दोन्ही दिशांनी.

तपासणी: दुखऱ्या पायावर एक लांब उडी मारून स्थिर उभं राहायचं. चांगल्या पायाच्या निदान ९० टक्के लांब गेली पाहिजे.

पायरी ८: गरबा

तयारीनं आलेले खेळैयेही हे विसरतात की गरबा म्हणजे पळणं नाही. रात्री नऊ-साडेनऊला सुरू होऊन बारापर्यंत, अनवाणी, खडबडीत मैदानावर, गर्दीत, सतत वळत आणि गोलाच्या एकाच दिशेनं. प्रत्येक गोष्ट घोट्याच्या विरोधात.

म्हणून आधी घरी. अनवाणी, फरशीवर, गाणं न लावता दोढियाची (गरब्याच्या एका प्रकाराची) पावलं अर्ध्या वेगानं पाच मिनिटं. मग उलट्या दिशेनंही, नेहमीच्या दिशेची सवय असते म्हणून दुसरी कच्ची राहते. मग गाणं लावून दहा, पंधरा, वीस मिनिटं. मग गच्चीवर किंवा सोसायटीच्या अंगणात. चणिया चोळी घालून एकदा तरी करून बघा, घेर जड असतो आणि फिरल्यावर तो शरीराला ओढतो.

आता सोळा दिवसांचं गणित. हलका मुरगळा होता आणि सातही पायऱ्या पार झाल्या असतील तर पहिल्या रात्री नुसतं जाऊन मैदान बघा, तिसऱ्या माळेला सोसायटीच्या गरब्यात वीस मिनिटं, पाचव्याला चाळीस, सातव्याला तास. एक रात्र आड, मध्ये सकाळची तपासणी. सीझन पास काढलाय म्हणून नऊही रात्री नाचायचं असं काही नाही. मोठ्या मैदानात गेलात तर आतल्या वेगवान गोलात न शिरता बाहेरच्या कडेला, जिथून कधीही निघता येतं. मधला मुरगळा असेल तर कोजागिरीला, तेही सगळ्या तपासण्या झाल्या असतील तरच, सावकाश तीन टाळी (तीन टाळ्यांचा गरबा). नाहीतर दिवाळीनंतर बघू.

एक मुलगी दर वर्षी माझ्याशी यावरून भांडते, "ताई, वर्षातून एकदाच तर नवरात्र येतं." बरोबर आहे तिचं. पण घोटा एकदा सैल पडला की पुढच्या प्रत्येक नवरात्रात तो निम्म्या रात्री घरी पाठवतो, आणि हे मी डोळ्यांनी बघितलंय, तिशीतल्या बायका, ज्यांचा पाय आता सपाट रस्त्यावरही वळतो.

ब्रेस, म्हणजे घोट्याला बाहेरून धरणारा आधार: लेस बांधायचा किंवा बाजूला कडक पट्ट्या असलेला ब्रेस वापरा, नुसत्या कापडी मोज्यानं आधार फारसा मिळत नाही. चिकटपट्टी लावणार असाल तर फिजिओकडून लावून घ्या, आणि लक्षात ठेवा की नाचायला लागल्यावर अर्ध्या तासातच ती बरीच सैल होते. ब्रेस घालूनच सराव करा, पहिल्यांदा मैदानातच घालायचा नाही. खेळताना तो पुढचे सहा महिने तरी ठेवा. ब्रेस आहे म्हणून तोलाचा व्यायाम बंद करायचा नाही, दोन्ही सोबत.

परत खेळायला लागल्यावर

तोलाचे व्यायाम आठवड्यातून तीन दिवस, निदान आठ आठवडे, दुखत नसलं तरी. टाचा उचलणं आठवड्यातून दोनदा. थंडीत शहरातली मॅरेथॉन धरायची असेल तर दिवाळीनंतर हळूहळू अंतर वाढवा, आणि त्याच आठवड्यात वेग वाढवू नका.

सहा आठवडे नीट केल्यावरही सूज जात नसेल, सांध्यात आत खोल दुखत असेल किंवा काहीतरी अडकल्यासारखं होत असेल, बाहेरच्या हाडाच्या मागे कटकट वाजत शीर सरकल्यासारखी वाटत असेल, किंवा सपाट जमिनीवर पाय परत परत वळत असेल, तर व्यायाम वाढवून उपयोग नाही. घोट्याच्या आतल्या कूर्चेला किंवा बाजूच्या स्नायूबंधाला लागलेलं असू शकतं, ते साध्या एक्स-रेत कधी कधी दिसत नाही. ऑर्थोपेडिककडे जा आणि वही सोबत न्या, रोजचे सकाळचे आकडे बघून त्यांना बरंच कळतं.